काळ्या कातळात किती धूर मावेल? नीती आयोगाला खुले पत्र

मा. उपाध्यक्ष आणि सदस्य,
नीती आयोग, नवी दिल्ली



कार्बन डायऑक्साइड धुराड्यातच पकडावा आणि जमिनीखाली कायमचा साठवावा, या विषयावरचा आपला धोरण-अहवाल 29 नोव्हेंबर 2022 रोजी प्रसिद्ध झाला. भारताच्या भूगर्भात 395 ते 614 अब्ज टन वायू मावू शकेल, असा अंदाज त्यात दिला आहे. 2050 पर्यंत वर्षाला 75 कोटी टन वायू पकडावा लागेल, असंही त्यात म्हटलं आहे. पुढे 2026-27 च्या अर्थसंकल्पात वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायनं या पाच उद्योगांतल्या या तंत्रज्ञानासाठी पाच वर्षांत 20,000 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. विषय परिसंवादातून निघून आता निविदांपर्यंत आला आहे. आणि आपल्या अंदाजातला फार मोठा वाटा ज्या खडकाच्या नावावर मांडला आहे, तो बेसाल्ट आमच्या घराखाली आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग याच काळ्या कातळाचा. आमच्या विहिरी त्यात खणलेल्या, आमची धरणं त्यावर उभी, आणि कोयना नि किल्लारीचे भूकंप सोसले तेही याच प्रदेशानं.

मी आयुष्यभर महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवलं. मुलांना घेऊन सह्याद्रीच्या घाटांतून, विहिरींच्या कडेनं, दगडखाणींतून हिंडलो. त्या हक्कानं हे लिहितो आहे. कार्बन पकडून पुरणं ही निव्वळ तेल कंपन्यांची धूळफेक आहे असं मानणारे माझे अनेक मित्र आहेत. मी त्यांच्यातला नाही. काही धूर असे आहेत की त्यांच्यावर दुसरा इलाज नाही, आणि त्यांच्यासाठी खडकात जागा शोधावीच लागेल. माझा आक्षेप त्या जागेच्या हिशेबाला आहे, आणि ती जागा कोळशाच्या विजेला आंदण देण्याला आहे.

आधी या खडकाबद्दल.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा बेसाल्ट उघडा दिसतो. लाव्हा थंड होताना प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले आणि खडक सच्छिद्र झाला. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. थराचं पोट मात्र घट्ट, काळं, सुरुंगालाही दाद न देणारं. मांजऱ्याला पाणी लागतं, काळ्या पाषाणाला लागत नाही, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. या बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. ते खडकातली खनिजं हळूहळू विरघळवतं, ही मूलद्रव्यं सुटी होतात आणि त्याच वायूशी जोडली जाऊन त्यांचे कार्बोनेट बनतात. म्हणजे वायूचा दगड होतो. पोकळ जागेत कोंडलेल्या वायूवर शतकानुशतकं पहारा ठेवावा लागतो. दगड झालेल्या वायूवर तो लागत नाही. म्हणूनच जगभरच्या शास्त्रज्ञांचं बेसाल्टकडे लक्ष आहे, आणि त्यांचं चुकत नाही.

आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथल्या भूऔष्णिक वीज केंद्राजवळ कार्बफिक्स प्रकल्पानं 2012 साली दोनशेहून अधिक टन वायू पाण्यात विरघळवून, सोडावॉटरसारखा, बेसाल्टमध्ये सोडला. त्यातला 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचं संशोधन 2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी हजारो वर्षांची भाषा होत असे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वालुला इथे 2013 मध्ये सुमारे 1,000 टन वायू आठशे मीटरहून खोल बेसाल्टमध्ये सोडला गेला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत नव्यानं तयार झालेल्या कार्बोनेटचे दाणे दिसले. हे दोन्ही प्रयोग खरे आहेत, चोख आहेत.

पण त्यांचं आकारमान पाहा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातला 500 मेगावॅटचा एक संच सत्तर टक्के क्षमतेनं चालला तर दिवसाला साधारण 8,000 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. वालुलाचा सगळा प्रयोग म्हणजे त्या एका संचाचा तीन तासांचा धूर. कार्बफिक्सनं दहा-बारा वर्षांत हेल्लिशेइदीला जेवढा वायू गाडला तो लाख टनांच्या घरात जातो; म्हणजे त्याच संचाचे दोन आठवडेही नाहीत. आणि चंद्रपूरचं केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे.

आता आपल्या अंदाजाकडे येतो. 395 आणि 614 या दोन आकड्यांत 219 अब्ज टनांचं अंतर आहे. ते कुठून आलं हे अहवालातच दिसतं. खोल क्षारयुक्त जलधर 291 अब्ज टन, तेलक्षेत्रं 3.4, कोळशाचे थर 3.7, हे तिन्ही आकडे पक्के धरले आहेत. बेसाल्ट मात्र 97 ते 316. म्हणजे राष्ट्रीय अंदाजातली सगळीच्या सगळी अनिश्चितता एकट्या बेसाल्टची आहे. खालच्या आणि वरच्या आकड्यात तिपटीहून जास्त फरक असतो तेव्हा त्याला साठवणक्षमता म्हणू नये. तो अजून तपासायचा प्रश्न आहे. तरीही भाषणांत आणि सादरीकरणांत 600 अब्ज टनांचाच आकडा मिरवला जातो, भारताला शतकानुशतकं पुरेल एवढी जागा आहे असं सांगितलं जातं, आणि त्या आश्वासनावर नवे कोळसा संच समर्थनीय ठरवले जातात.

हा खडक सगळीकडे सारखा नाही. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं तेव्हा बेसाल्टची जाडी 338 मीटर भरली; खाली ग्रॅनाइटी पाया. कोयनेजवळच्या गोठणे इथल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात ती सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली. वायू दाबाखाली घट्ट, द्रवासारखा राहावा म्हणून साधारण 800 मीटरहून जास्त खोली लागते. पाण्यात विरघळवून सोडायचा असेल तर त्याहून कमी खोली चालते, पण मग पाणी लागतं. त्याकडे पुढे येतो. तेव्हा पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्राला सरासरी जाडीनं गुणून क्षमता काढता येत नाही. पूर्वेकडे, विदर्भाच्या कडेला, हा थर पातळ होत संपतो.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. वाघोलीच्या, जळगावच्या, नाशिकच्या दगडखाणींतून निघणारे पांढरे, हिरवट, मोरपंखी स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यांच्यावरच उभं आहे. त्यांतले कॅल्साइट म्हणजे खडकातल्या पाण्यानं आणलेला कार्बन डायऑक्साइड याच बेसाल्टमध्ये दगड होऊन बसलेला. निसर्गानं हा प्रयोग आपल्या आधी करून ठेवला आहे, आणि वर्गात हे स्फटिक मुलांच्या हातात देताना मला नेहमी त्याचा आनंद वाटला. पण तेच स्फटिक दुसरीही गोष्ट सांगतात. ज्या पोकळ्यांत आपण नवा वायू सोडू पाहतो, त्या कोट्यवधी वर्षांत झिओलाइटनं, कॅल्साइटनं, चिकणमातीनं बऱ्याचशा भरून गेल्या आहेत. आइसलँडचा खडक भूगर्भशास्त्राच्या मोजमापात कालचा आहे; तरुण, मोकळा, उबदार. आमचा खडक जुना आहे. त्यात वायू किती वेगानं शिरेल आणि शिरल्यावर किती दूर पसरेल, हे खोल छिद्र घेऊन, प्रत्यक्ष वायू सोडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पवईच्या आयआयटीतलं राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र या प्रश्नांवर चांगलं काम करतं आहे. परंतु प्रयोगशाळेतल्या मूठभर खडकावरून जिल्ह्याचा अंदाज बांधणं त्या शास्त्रज्ञांनाही मान्य होणार नाही.

पाण्याचं गणित महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे 25 टन पाणी लागतं. वर सांगितलेल्या एका 500 मेगावॅटच्या संचाचा वर्षाचा वायू धरला तर हे पाणी अडीच टीएमसीच्या पुढे जातं. खडकवासला धरणाचा साठा दोन टीएमसीहूनही किंचित कमी आहे. यातलं पाणी खोल थरातूनच उपसून पुन्हा तिथेच सोडता येतं, समुद्राचं पाणी वापरण्याचे प्रयोग सुरू आहेत, आणि वालुलाला पाण्याशिवायच वायू सोडला होता, हे मी जाणतो. म्हणून पाण्याचा मुद्दा या तंत्राचा शेवट करणारा नाही. पण तो जागा निवडण्याच्या पहिल्याच टप्प्यावर यायला हवा. आमच्याकडे साठ मीटरपेक्षा खोल विंधणविहिरींवर भूजल कायद्यानं बंधनं आहेत. ती योग्यच आहेत. पण शेतकऱ्याच्या बोअरवर बंधन आणि त्याच शिवारात कंपनीच्या किलोमीटरभर खोल छिद्राला विनाचौकशी परवाना, असं होऊ नये. वरचा भूजलाचा थर आणि खालचा साठवणीचा थर यांच्यामध्ये किती घट्ट खडक आहे, त्यातल्या भेगा कुठवर जातात, हे आधी मोजलं पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या दशकांच्या नोंदी आहेत. आपल्या अहवालांत त्यांचा उपयोग झालेला मला दिसला नाही.

आता नकाशा समोर घ्या. कोळशाचा आणि सिमेंटचा धूर मुख्यतः पूर्व विदर्भात आहे: चंद्रपूर, कोराडी, तिरोडा, घुग्घुस, गडचांदूर. जाड बेसाल्ट पश्चिमेला, सह्याद्रीच्या बाजूला. चंद्रपूरपासून साताऱ्यापर्यंत सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. मग नळ टाकावे लागतील, विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांतून. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडचा नळ फुटला की काय होतं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावानं 22 फेब्रुवारी 2020 रोजी पाहिलं. पावसानं टेकडी खचली, नळ फुटला, हवेपेक्षा जड असलेला वायू सखल भागात पसरला. गाड्यांची इंजिनं बंद पडली, माणसं रस्त्यात बेशुद्ध झाली. 45 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, दोनशेच्या आसपास लोकांना गाव सोडावं लागलं. कुणी दगावलं नाही. आपल्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरलेली माणसं साचलेल्या वायूनं गुदमरल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. या वायूचा स्वभाव गावाकडच्या माणसाला पुस्तकाविनाही माहीत आहे.

नळाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? जिथे कातळ जाड, तिथेच कोयना आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खोल भेगांत झिरपून वाढलेला दाब याला निमित्त ठरला, असं जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ मानतात, आणि तिथली धरणी अजून शांत झालेली नाही. खडकात द्रव दाबून घातला की जुन्या भेगा सरकू शकतात. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये तेलविहिरींचं सांडपाणी जमिनीत सोडल्यामुळे भूकंपांची रांग लागली होती. 2016 मध्ये पॉनी इथे 5.8 तीव्रतेचा धक्का बसला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला सुमारे दहा हजार माणसं मेली. त्याआधी तो सगळा भाग स्थिर समजला जात होता. पालघर-डहाणूकडे 2018 पासून छोट्या धक्क्यांची मालिका झाली. याचा अर्थ कुठेच वायू सोडू नये असा मी लावत नाही. नॉर्वेनं उत्तर समुद्रात स्लाइप्नरला 1996 पासून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला आणि तिथे अनर्थ झाला नाही. पण जागा निवडण्याचा पहिला अधिकार भूकंपशास्त्रज्ञांचा असला पाहिजे, आणि कोयनेच्या छिद्रांतून कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेनं मिळवलेलं ज्ञान त्या टेबलावर सर्वांत आधी असलं पाहिजे.

आता कोळशाबद्दल. इथे मला स्पष्ट बोलावं लागेल.

डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारनं औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा ठरवल्या. त्यासाठी धुरातलं गंधक धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा दोन वर्षांत बसवायची होती. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक संचांना त्यातून सूटच देण्यात आली. दहा वर्षांत जे साधं, जुनं, जगभर वापरलेलं यंत्र आपण बसवू शकलो नाही, त्याच्याशिवाय कार्बन पकडणं शक्य नाही, हे अधिकाऱ्यांनी मंत्र्यांना सांगितलं आहे का? धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी अमाइन नावाची रसायनं वापरतात. गंधकाचा वायू त्यांच्याशी कायमचा जोडला जातो आणि त्यांना निकामी करतो. आपल्या कोळशात गंधक कमी असतं हे खरं, पण अमाइनला तेवढंही सोसत नाही. धूर आधी धुऊन निघाला पाहिजे. म्हणजे ज्या संचाला एफजीडीतून सूट आहे, त्या संचावर कार्बन पकडण्याची गोष्ट करणं निरर्थक आहे.

बरं, यंत्र बसवलं तरी ते फुकट चालत नाही. अमाइनमधून वायू पुन्हा सोडवून घ्यायला वाफ लागते, त्याला दाबायला वीज लागते. संचाच्या उत्पादनाचा साधारण पाचवा-चौथा हिस्सा त्यातच जातो. तेवढी वीज भरून काढायला आणखी कोळसा, आणखी राख, चंद्रपूरच्या इरई धरणाचं आणखी पाणी. चंद्रपूर आधीच अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आहे. तिथल्या माणसाला छातीत जाणारी राख आणि सल्फर डायऑक्साइड आज सोसावा लागतो, आणि त्याच्या नावानं खर्च होणारा पैसा मात्र त्या दोन्हींपेक्षा निराळ्या वायूसाठी.

जगाचा अनुभवही फारसा आशादायक नाही. कॅनडात बाउंडरी डॅमच्या तिसऱ्या संचावर 2014 मध्ये मोठ्या अपेक्षेनं ही यंत्रणा सुरू झाली. वर्षाला दहा लाख टनांचं लक्ष्य वर्षानुवर्षं हुकत राहिलं. टेक्सासमधलं पेट्रा नोव्हा 2017 मध्ये सुरू झालं, 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळताच बंद पडलं, आणि 2023 मध्ये पुन्हा चालू झालं. तेलाच्या भावावर ते अवलंबून होतं, कारण पकडलेला वायू तेलविहिरीत दाबून आणखी तेल काढण्यासाठीच वापरला जात होता. त्याला हवामानाचा इलाज म्हणायला माझं मन धजत नाही. आपल्याकडे विंध्याचल केंद्रात एनटीपीसीनं 2022 मध्ये दिवसाला 20 टन वायू पकडणारा प्रकल्प उभारला. अभियंत्यांनी मेहनतीनं केलेलं काम आहे, शिकण्यासाठी उपयोगी आहे. पण 500 मेगावॅटचा एक संच एवढा वायू चार मिनिटांत सोडतो.

विजेला पर्याय आहे. सूर्य आहे, वारा आहे, पाणी वर चढवून साठवण्याचे प्रकल्प सह्याद्रीच्या उतारावर येत आहेतच. त्यांचेही आपले प्रश्न आहेत, पण रस्ता दिसतो. सिमेंटला असा पर्याय नाही. चुनखडी भट्टीत तापली की एका टन शुद्ध चुनखडीतून 440 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी कोळशावर चालवा किंवा सौर विजेवर, हा वायू दगडातूनच येतो. सिमेंट कारखान्याच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग याचाच. कोरपना-राजुरा तालुक्यांतल्या भट्ट्यांतून रोज हेच चाललं आहे, आणि देशाला घरं, पूल, शाळा बांधायच्या असतील तोवर ते चालणार. नॉर्वेत ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यावर वर्षाला चार लाख टन वायू पकडणारा प्रकल्प 2025 मध्ये सुरू झाला; तो वायू जहाजानं नेऊन समुद्रतळाखाली सोडला जातो. सिमेंट उद्योगात एवढ्या आकाराचं हे पहिलंच काम. महाग आहे, अनुदानावर आहे, पण दिशा बरोबर आहे. पोलादाचंही बऱ्याच अंशी तसंच: हायड्रोजनवर लोखंड काढण्याची पद्धत येईल, पण आजच्या झोतभट्ट्या अजून पंचवीस-तीस वर्षं राहतील. त्यात युरोपनं 2026 पासून आयात पोलाद-सिमेंटवर कार्बनचा कर लावायला सुरुवात केली आहे, तेव्हा कारखानदारांनाही याची निकड आहे.

आणि इथे भूगोल आपल्या बाजूनं येतो. रायगड जिल्ह्यात डोलवीचा पोलाद कारखाना, मुंबईत माहुल-तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने, समोर समुद्र, आणि पायाखाली तसेच किनाऱ्यापलीकडेही पसरलेला बेसाल्ट. सहाशे किलोमीटरचा नळ नको, गोड्या पाण्यावर ताण नको. दख्खनच्या बेसाल्टमधली पहिली खरी चाचणी घ्यायची असेल तर मला हा पट्टा सर्वांत योग्य वाटतो. भूकंपशास्त्रज्ञांनी नाही म्हटलं तर तिथेही नको.

कायद्याचा प्रश्न उरतो, आणि तो लहान नाही. आपल्याकडे खाणींसाठी 1957 चा कायदा आहे, तेलक्षेत्रांसाठी 1948 चा. वायू कायमचा पुरण्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. जमिनीखाली हजार मीटरवरची पोकळी कुणाची? पन्नास वर्षांनी विहिरीचं पाणी आम्लधर्मी झालं, तर वायू सोडणारी कंपनी तोवर विकली गेलेली असेल. शेतकऱ्यानं कुणाच्या दारात जायचं? युरोपीय महासंघानं 2009 मध्येच याचे नियम केले: साठवण बंद झाल्यावरही किमान वीस वर्षं साधारणपणे कंपनीची जबाबदारी, देखरेखीचा पैसा आधी जमा, आणि मगच सरकारकडे हस्तांतरण. लोकांना विश्वासात न घेता काय होतं हेही पाहा. ज्या आइसलँडनं हे तंत्र जगाला दिलं, तिथेच हाफनारफ्योर्दुर शहरालगत बाहेरून जहाजानं वायू आणून पुरण्याचा मोठा प्रकल्प नागरिकांच्या विरोधामुळे 2025 मध्ये सोडून द्यावा लागला. त्या लोकांना विज्ञान कळत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

म्हणून आपल्याकडे काही मागण्या आहेत. बेसाल्टचा आकडा राष्ट्रीय साठवणक्षमतेतून वेगळा काढा आणि प्रत्यक्ष चाचणी होईपर्यंत तो ‘न तपासलेला’ म्हणून दाखवा. 20,000 कोटींतला पहिला पैसा खोल चाचणी-छिद्रांवर खर्च होऊ द्या. ते काम पवईची आयआयटी, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, कराडची प्रयोगशाळा आणि आमची भूजल यंत्रणा यांनी मिळून करावं, आणि खडकाची जाडी, पारगम्यता, पाण्याचे नमुने, भूकंपमापकांच्या नोंदी हे सगळं जिल्ह्यानुसार खुलं असावं. एफजीडी नसलेल्या कोळसा संचाला या निधीतून एक रुपयाही जाऊ नये. पुढे कधीतरी कार्बन पकडू, या आश्वासनावर नव्या कोळसा संचाला पर्यावरण परवाना मिळू नये. सिमेंट आणि पोलादाला अग्रक्रम असावा. आणि प्रायोगिक प्रमाणापलीकडचा एकही टन वायू जमिनीत सोडण्याआधी दीर्घकालीन जबाबदारीचा कायदा संसदेत संमत व्हावा; त्यात ग्रामसभेची संमती आणि विहिरींच्या पाण्याची आधीची मोजणी सक्तीची असावी.

शेवटची विनंती कामकाजाची आहे. आपला 2022 चा अहवाल इंग्रजीत आहे. ज्यांच्या जमिनीखाली ही साठवण होणार, त्यांच्यासाठी त्यातला बेसाल्टविषयीचा भाग मराठीत उपलब्ध करून द्या, आणि चाचणीची जागा ठरवण्याआधी अलिबाग, चंद्रपूर आणि कराड इथे खुल्या सुनावण्या घ्या. खडकाबद्दल बोलायला मी येईन. तिथल्या विहिरी खणणाऱ्या लोकांनाही बोलवा. मांजऱ्या कुठे लागतो आणि काळा पाषाण कुठे सुरू होतो, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे.

आपला,
भूगर्भशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक